पिशवीतली भगरीची भाकरी

माझी धाकटी जाऊ सरकारी दवाखान्याच्या खाटेवर थरथर कापत होती आणि मी डॉक्टरीणबाईला खोटं सांगितलं.

तिचे हात, हनुवटी, मांड्या, सगळं आपोआप हलत होतं. तिच्या हलण्याने लोखंडी खाट वाजत होती. डोळे उघडे होते, पण मी समोर उभी राहिले तरी ती माझ्याकडे पाहत नव्हती. दोनदा ओकली होती. डॉक्टरीणबाई कोवळी होती, माझ्या नातीहून चार वर्षांनी मोठी असेल. तिने जावेच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली आणि मला विचारलं, "आजी, सकाळपासून काय काय खाल्लं यांनी?"

"भगरीची भाकरी. उपास हाय तिचा."

"तुम्ही पण तीच खाल्ली?"

"व्हय. दोघींनीबी."

"तुम्हाला काही होतंय का? चक्कर, मळमळ?"

"न्हाई."

डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाली की खाण्यातलं दिसत नाही, एकाच तव्यावरचं खाऊन या ठणठणीत आहेत. डोक्यातलं काही असेल तर नांदेडला न्यावं लागेल, गाडीला फोन लावा.

मी खोटं काहून बोलले हे सांगायचं तर सकाळपासून सांगावं लागेल.

आमचं गाव हट्टा नावाच्या मोठ्या गावापासून आत आहे. औंढा आम्हाला लांब नाही. लग्न झाल्यापासून मी तिथे किती वेळा गेले ते मोजलं नाही. पण गेले म्हणजे काय, तर गाडीतून उतरले, रांगेत लागले, नागनाथाला हात लावला, नारळ फोडला आणि परत गाडीत बसले. गाव कसं आहे ते पाहिलंच नाही. आपल्याला काय पाहायचं असतं गावाचं, असं वाटायचं.

मग नातीने तिच्या फोनवर मला एक बाई दाखवली. ती बाई मेक्सिको नावाच्या देशातल्या एका जुन्या गावात फिरत होती. देश कुठे आहे ते नातीने नकाशात दाखवलं, पार पलीकडे. गाव दगडी रस्त्याचं, घरं पिवळी आणि तांबडी, मधे एक जुनं देऊळ त्यांचं, घंटा असलेलं. बाई नुसती फिरत होती. बाजारात जाऊन मिरचीच्या ढिगात हात घालून वास घ्यायची, जे दिसेल ते मागून खायची, आणि विचारायची हे काय, हे कशाचं. तिथे माझ्या वयाची एक म्हातारी मक्याची भाकरी हातावर थापून तव्यावर टाकत होती. थापण्याचा आवाज अगदी आमच्यासारखा. पण त्या बाया मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुना आम्ही पानाला लावतो. ते ऐकून मी नातीला तेवढा भाग तीनदा लावायला सांगितला. दुसरी एक बाई फड्या निवडुंगाचे काटे विळीसारख्या सुरीने खरवडून त्याची भाजी करत होती. आमच्या बांधावर एवढा निवडुंग आहे, त्याला कधी कुणी भांडं दाखवलं नाही.

मला वाटलं, ही बाई परमुलखातून येऊन त्यांचं गाव असं पाहते, आणि मी साठीला आले तरी औंढा पाहिलेलं नाही. जावेला म्हटलं, "श्रावणी सोमवारी औंढ्याला जाऊ. पण या खेपेला रांगेतून निघून लगेच गाडीत बसायचं न्हाई. दिवसभर फिरायचं."

"फिरून काय करायचं?"

"पाहायचं."

"काय पाहायचं?"

"ते पाहिल्यावर कळंल."

ती म्हणाली, "बाई, तुमचं डोकं त्या फोननं बिघडवलं." पण लुगडं नेसून तयार झाली. ती अशीच आहे. आधी नाही म्हणते आणि माझ्याआधी एसटीत चढते.

दर्शन आधी उरकलं. नागनाथाचा गाभारा जमिनीच्या पोटात आहे. अरुंद पायऱ्या वाकून उतराव्या लागतात, खाली चार माणसं धड बसत नाहीत, आणि वरून मागचा माणूस लोटतो. दरवेळी तिथे माझा जीव घाबरा होतो आणि दरवेळी मी ते कुणाला सांगत नाही. बाहेर आल्यावर मी जावेला देवळाभोवती फिरवलं. वरचा भाग पांढरा आहे, पण खालचा सगळा काळा दगड, आणि दगडभर माणसं, हत्ती, बाया. एवढ्या वर्षांत मी त्या भिंतीला फक्त टेकले होते. एका ठिकाणी पार्वती रुसून बसली आहे आणि महादेव तिची समजूत काढतो आहे, असं एका पुजाऱ्याने दाखवलं.

जाऊ म्हणाली, "म्हंजी देवालाबी सुटका न्हाई."

"तुझा नवरा काढतो का समजूत?"

"माझा नवरा मी रुसले हे कळायलाच आठ दिवस लावतो."

इथला नंदी देवासमोर नाही, मागे आहे. एका संताचं भजन ऐकायला देऊळच फिरलं, असं सांगतात. मी फिरताना पाहिलं नाही, म्हणून फिरलं की नाही ते सांगत नाही. पण एवढा दगड जर फिरला असेल तर आवाज केवढा झाला असेल, हे मी पुजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आजी, असं विचारत नसतात. मग काय विचारत असतात ते त्याने सांगितलं नाही.

मग बाजार. देवळाच्या रस्त्याला कुंकवाचे, बुक्क्याचे ढीग, रुद्राक्षाच्या माळा, पेढे, प्लास्टिकची खेळणी. हे सगळं येताजाता दिसतं. आम्ही आत वळलो. तिथे विळे, खुरपी, तवे विकणारा एक माणूस होता, तो गिऱ्हाइकाला तवा बोटाने वाजवून दाखवायचा. चांगला तवा आणि भेगाळलेला तवा यांचा आवाज वेगळा येतो. मी सहा तवे वाजवून पाहिले आणि एकही घेतला नाही. त्याने पुढच्या तव्याला हात लावू दिला नाही.

पुढे रानभाज्यांच्या बाया बसल्या होत्या. करटुली, तरोटा, घोळ, आणि दोन पाले मला ओळखू आले नाहीत. एका पाल्याचं नाव तिथल्या एकीने सांगितलं, दुसऱ्याचं तिलाही माहीत नव्हतं. सासू खायची म्हणून आणते म्हणाली. मी तिला विचारलं, "निवडुंग ठेवती का?"

"निवडुंगाचं काय करता?"

"भाजी."

"कोन्या गावात?"

"मेक्सिकोत."

"मंग तिकडूनच आणा."

शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसली. जाऊ मला ओढत पुढे घेऊन गेली. "बाई, लोक येडे म्हणतील."

"म्हनू दे. इथं कोन ओळखतंय."

आता उपासाचं. आमची सासू श्रावणातले सगळे सोमवार दोन्ही सुनांकडून करवून घ्यायची. मला भूक निघत नाही. लहानपणापासून निघत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात मी शेतात गेल्यावर गड्याच्या फडक्यातली अर्धी भाकरी मागून खाल्ली आणि घरी येऊन तोंड सुकवून बसले. पुढच्या सोमवारीही तेच. चार वर्षांनी जाऊ आली. ती खरा उपास करायची. सासू तिला माझं उदाहरण द्यायची, मोठीकडून शिक म्हणायची. मग मी कशी सांगणार? सासू गेली, तरी जाऊ मला विचारायची, "बाई, तुमी कशा राहता हो दिवसभर?" मी म्हणायचे, सवय होते. चाळीस वर्षं मी हे म्हणत आले. देवावर माझा राग नाही. मला भूक निघत नाही, एवढंच.

दुपार झाली. जावेने घरून राजगिऱ्याचे लाडू आणि केळी आणली होती. ती बाहेरचं खात नाही, उपासाला तर मुळीच नाही. पण कोपऱ्यावर एक बाई चुलीवर भगरीच्या भाकरी थापत होती, बाजूला शेंगदाण्याची आमटी. पाटीवर खडूने 'उपवासाची भाकरी' लिहिलेलं. थापण्याचा आवाज ऐकला आणि मला ती फोनमधली म्हातारी आठवली.

"इथं खाऊ," मी म्हटलं.

"लाडू हायेत ना."

"लाडू रोज खाते तू. गाव पाहायला आलो ना आपण? मंग गावाचं खाल्लं पायजे."

ती बसली. माझ्या सांगण्यावरून बसली, हे मी लपवत नाही. तिने आमटीत भाकरी मोडली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "कडवट लागून राहिली हो बाई."

मी म्हटलं, "गावागावची चव निराळी. खा."

भगर आम्ही घरी लागेल तेवढीच, त्याच दिवशी दळतो. पावसाळ्यात तर दळून ठेवतच नाही. हे मला ठाऊक होतं. पण तिथे मला ते सुचलं नाही. मी नवं खायला निघाले होते आणि न चाखताच कडवट ही मला नवी चव वाटली.

समोरून तळणाचा वास येत होता, म्हणून माझी भाकरी मी कागदात गुंडाळून घेतली. "मी फिरत फिरत खाते," म्हटलं. "तू निवांत जेव आन समोरच्या बांगडीवालीकडं बस. मी आलेच."

भाकरी मी पिशवीत टाकली. बांगडीच्या दुकानाला लागूनच भज्यांचा गाडा होता. कांद्याची भजी कढईतून निघत होती. मी जावेकडे पाठ करून एक प्लेट खाल्ली, मग दुसरी, वर तळलेल्या मिरच्या. बांगडीवाली तिच्या ओट्यावरून मला पाहत होती. माझ्यापेक्षा थोडी लहान, डोक्यावरून ओढणी, तोंडात सुपारी. मी तोंड पुसून आले तेव्हा म्हणाली, "अक्का, सोमवार हाय ना आज?"

"हाय."

"भजे चांगले करतो तो. मीबी रोज खाते." आणि पुढे एक शब्द बोलली नाही. मला ती आवडली.

जाऊ जेवून आली. बांगडीवालीने तिला पाणी दिलं, दोघी लेकींच्या, सुनांच्या गोष्टी काढून बसल्या. मी आजूबाजूला पाहत होते. बांगड्या कशा लावून ठेवतात, माप हाताला बोट लावून कसं ओळखतात, हे विचारत होते. तिच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा होता. ती म्हणाली, हात धरला की बाई काय काम करते ते कळतं. माझा हात धरून म्हणाली, निंदणीचा हात. जावेचा हात धरून म्हणाली, "हाबी निंदणीचाच, पर नरम." मग हिरव्या बांगड्या भरायला लागली. दीडेक तास झाला असेल आम्हाला तिथे.

चौथ्या बांगडीला ती थांबली. "बाई, हात ढिला सोडा."

"सोडला की."

"मंग काहून कापून राहिला?"

जावेने हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, मला गरगरायला लागलं." आणि दोन्ही हात हलायला लागले. भरलेल्या बांगड्या ओट्याच्या कडेवर आपटून फुटल्या. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, असं मला शिकवलं आहे. त्या वाढल्या नव्हत्या. फुटल्या होत्या, आणि तिच्या मनगटातून रक्त येत होतं.

बांगडीवालीने दुकानावर चादर ओढली आणि ऑटो थांबवला. दवाखान्यापर्यंत जावेचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. दोन्ही ओकाऱ्या तिच्याच कपड्यावर झाल्या.

म्हणून मी "दोघींनीबी" म्हणाले तेव्हा ती शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला वाटत होतं की जाऊ ऐकते आहे. तिचे डोळे उघडे होते. मी खरं बोलले आणि ती मेली तर हे ऐकून मरेल, जगली तर हे ऐकून जगेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. चाळीस वर्षांचं एक खोटं होतं, त्यात मी आणखी एक टाकलं, कारण पहिलं झाकायचं होतं. डॉक्टरीणबाई कागदावर नांदेडचं लिहायला लागली होती.

बांगडीवाली माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अक्का, रोजा मीबी तोडेल हाय कदी कदी. बोला."

मी पिशवीत हात घातला आणि कागदात गुंडाळलेली भाकरी डॉक्टरीणबाईच्या कागदावर ठेवली. अख्खी होती. एक तुकडाही मोडलेला नव्हता.

"ही माझ्या वाट्याची," मी म्हटलं. "मी खाल्ली न्हाई. मी भजे खाल्ले. उपास तिचा एकटीचाच हाय. मी कदीच करत न्हाई."

डॉक्टरीणबाईने भाकरी मोडली, वास घेतला, नर्सला दिला. नर्सने नाक मुरडलं. मग दोघींची घाई सुरू झाली. नळी आणली, पोटातलं बाहेर काढलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. काम करता करताच ती मला म्हणाली की भगरीचं पीठ दमट हवेत फार दिवस राहिलं की बुरशी धरतं, आणि त्याने माणूस असा थरथरतो. उपासाच्या दिवसांत असे रुग्ण येतात. "आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आजी." मी म्हटलं, व्हय.

मग तिने विचारलं, "आणखी कुणी खाल्ली तिथे?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बांगडीवालीने भजीवाल्याला फोन लावला आणि म्हणाली, भाकरीवालीचा तवा उतरव, कुणाला देऊ नको म्हणावं. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. भाकरीवाली चुलीमागे पोत्याला टेकून बसली होती आणि तिचे दात वाजत होते. तिचाही सोमवार होता. दुपारी गिऱ्हाईक सरल्यावर तिने आपलीच भाकरी खाल्ली होती. भजीवाल्याने तिला ऑटोत घालून आणलं. पीठ आखाडी एकादशीला दळून उरलं होतं, ते डब्यात ठेवलं होतं, उपासाचं पीठ टाकायला जीव झाला नाही, असं ती बाई कापत कापत सांगत होती. तिला कुणी रागावलं नाही. रागवायला ती कुठे उभी होती.

त्या दिवशी तिच्याकडे गिऱ्हाईक कमी होतं. बहुतेकांनी साबुदाण्याचे वडे खाल्ले होते. तिला आठवलं ते एवढंच की सेनगावकडचं एक जोडपं जेवून गेलं होतं. दवाखान्यातून एसटी स्टँडवर फोन गेला आणि तिथल्या भोंग्यावरून पुकारलं की देवळाजवळ भगरीची भाकरी खाल्लेल्यांनी सरकारी दवाखान्यात यावं. नवरा सापडला तो फलाटावर, बायकोचं डोकं धरून बसलेला. एकाच हाताने, कारण दुसरा त्याच्या ताब्यात नव्हता.

संध्याकाळपर्यंत जावेचं कापणं कमी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली, चहा मागितला. मी बशीत ओतून दिला. तिने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "भज्यात कांदा होता का?"

तिने सगळं ऐकलं होतं.

"होता."

"आन मिरच्या?"

"होत्या."

तिने बशीतला चहा संपवला. "चाळीस वर्षं," ती म्हणाली. "आत्याबाई मला म्हनायच्या, मोठीकडून शिक."

"व्हय."

"मी शिकले असते तर काल मेजवानी झाली असती माझी."

मग तिने रिकामी बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढचा सोमवार माझा तुमी करा. मी समोर बसून पाहते."

तो मी केला. ती खरंच समोर बसली होती, आणि दुपारी तिने माझ्यादेखत थालीपीठ खाल्लं. चार वाजता माझं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी तिनेच भगर निवडली, धुतली, वाळवली, घरच्या मिक्सरवर दळली आणि मला दोन भाकरी करून वाढल्या. मी वास घेऊन पाहिला. ती म्हणाली, "खा, कडवट न्हाई."

बांगडीवालीकडे आम्ही त्यानंतर दोनदा गेलो. तिने जावेला उरलेल्या बांगड्या भरल्या. भाकरीवाली आता साबुदाण्याचे वडे करते. मी खाऊन पाहिले, मीठ जास्त असतं.

त्या तव्यावरची भाकरी चार जणांनी खाल्ली होती: माझ्या जावेने, भाकरीवालीने आणि सेनगावकडच्या त्या नवरा-बायकोने. चौघंही जगले.